मघेच्या शेजारचा शनी

माझा भाऊ कामावरून घरी यायचा, चपला काढायचा, तोंडावर पाणी मारायचा आणि मला म्हणायचा, "ताई, आज छान बोललीस."

त्या दिवशी मी घराचा उंबरासुद्धा ओलांडलेला नसायचा. आणि बोलायचं म्हणाल, तर माझ्या गळ्यात बोलायचं यंत्रच उरलेलं नाही. घशात गाठ निघाली, डॉक्टरांनी गाठीबरोबर स्वरयंत्र काढलं आणि श्वासासाठी मानेला एक भोक ठेवलं. त्यावर मी रुमाल बांधते. जीव वाचला हे काय कमी आहे, असं येणारा-जाणारा सांगतो. सांगणाऱ्याचं काय जातं? ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

तर भाऊ "छान बोललीस" म्हणायचा, ते माझ्या रेकॉर्डिंगला.

आम्ही दोघं एकाच तारांगणात कामाला. मी प्रेक्षकांशी बोलणारी आणि तो यंत्र चालवणारा. लहानपणापासून घरात मला भोंगा म्हणायचे आणि त्याला घुम्या. आई म्हणायची, दोघांत मिळून जेवढे शब्द आले होते तेवढे थोरलीनंच गिळले, धाकट्याला खरवडसुद्धा उरली नाही. मी तोंडाचा पट्टा सोडला की शेजारी खिडक्या लावून घ्यायचे. घुम्या मात्र दिवसभर मूग गिळून बसायचा आणि घड्याळं उघडून परत जोडायचा. असा माणूस माझ्या शेजारी अंधारात वर्षानुवर्षं बसला आणि एकही शब्द न बोलता माझ्या एकेका शब्दावर आकाश फिरवत राहिला. मी "संध्याकाळ होते" म्हटलं की त्याच्या हाताखाली उजेड उतरायचा. मी थांबले की तोही थांबायचा. अशी जोडी मिळायला नशीब लागतं, हे मला तेव्हाही कळत होतं.

आमचं तारांगण छोटं. गोल हॉल, वर घुमट, मागे रेलणाऱ्या खुर्च्या. मधोमध खांबावर एक काळा गोळा, त्याला बारीक बारीक भोकं आणि आत दिवा. प्रत्येक भोक म्हणजे घुमटावरचा एक तारा. ताऱ्यांच्या आकृती माणसाच्या आयुष्यात बदलत नाहीत, म्हणून त्या गोळ्यात कायमच्या कोरलेल्या चालतात. ग्रह फिरस्ते. त्यांना कोरून भागत नाही. म्हणून प्रत्येक ग्रहाला वेगळा दिवा, आणि तो सरकवायला अंशांच्या खुणा केलेली एक चकती. मोठ्या तारांगणांत हे काम यंत्र आपलं आपण करतं. आमच्याकडे दर महिन्याच्या पहिल्या दिवशी ते हातानं करायचं. मी ग्रहांच्या जागांच्या तक्त्यातला अंश मोठ्यानं वाचायची, घुम्या चकती फिरवायचा आणि तोच अंश परत म्हणून दाखवायचा. महिन्यात त्याचं सगळ्यात जास्त बोलणं होत असेल तर ते त्या सकाळी.

माझा शो ठरलेला होता, पण पाठ केलेला नव्हता. सूर्य मावळायचा, मी थोडा वेळ गप्प राहायची, लोकांचे डोळे अंधाराला सरावले की तारे यायचे. मग तारे कोणते, ग्रह कोणते, त्या दिवसांत कोणता ग्रह कुठे आहे. त्यानंतर माणसाला हे सगळं कसं कसं कळत गेलं, त्याची गोष्ट. आणि दर खेपेला मी सांगायची, "माझ्यावर विश्वास ठेवू नका. घरी जा, गच्चीवर चढा आणि स्वतः बघा. मी सांगितलं तिथे ग्रह नसेल तर परत येऊन मला जाब विचारा." लोक हसायचे. काहीजण खरंच बघायचे आणि पुढच्या रविवारी येऊन सांगायचे, बरं का बाई, होता तिथेच.

ऑपरेशनच्या आधी तारांगणाच्या साहेबांनी रेकॉर्डिंगचा विषय काढला तेव्हा मी त्यांना उडवून लावलं. आकाश रोज पुढे सरकतं, आणि रोज तेच तेच बोलणारी बाई काय कामाची? साहेब भला माणूस, त्यांनी विषय सोडला. पण माझा शेवटचा शो घुम्यानं मला न सांगता रेकॉर्ड करून ठेवला. मला कळलं ते दवाखान्यातून घरी आल्यावर. रागावायला तरी गळा कुठे होता? मी पाटीवर लिहिलं, "विचारलं का नाहीस?" तर म्हणाला, "तू नाही म्हणाली असतीस."

नव्या माणसाची जागा मंजूर होईना. साहेब म्हणाले, रेकॉर्डिंग आहे तोवर हॉल चालेल, नाहीतर कुलूप. त्यामुळे माझा आवाज नोकरीवर राहिला आणि मी घरी बसले. मी तो ऐकायला गेले नाही. माझी छातीच झाली नाही. घुम्यानंही कधी "चल" म्हटलं नाही. रोज संध्याकाळी फक्त सांगायचा, ताई, छान बोललीस.

वर्ष गेलं. एका संध्याकाळी मी आणि भावजय गच्चीवर वाळलेले कपडे काढत होतो. दिवेलागणीची वेळ, पूर्वेकडे सिंह रास वर आलेली. भावजयीच्या बोलण्याला लगाम नाही, म्हणून तर माझं तिच्याशी जमतं. ती म्हणाली, "ताई, परवा मी बहिणीच्या पोरांना घेऊन तुमच्या शोला गेले होते. तुम्ही तो विळा दाखवलात ना, सिंहाच्या मानेचा?"

मी मान हलवली. सिंहाच्या मानेचे तारे विळ्यासारखे दिसतात, आणि त्या विळ्याच्या मुठीशी जो ठळक तारा तो मघा.

"तिथे मघेच्या अगदी शेजारी शनी होता. म्हणजे हॉलमध्ये होता." तिनं हातातली चादर खांद्यावर टाकली आणि बोट वर केलं. "मग इथे शेजारी का नाही? तो खाली पिवळट दिसतोय तोच ना शनी? एवढा लांब कसा गेला?"

मी हात लांब करून मूठ धरली. हात ताठ ठेवून मूठ आकाशावर धरली की ती साधारण दहा अंश झाकते, हे मी हजारो पोरांना शिकवलंय. मघेपासून शनी एक मूठ आणि वर दोन बोटं दूर होता. जिथे असायला हवा बरोबर तिथे. शनीला सूर्याभोवती एक फेरी मारायला एकोणतीस-साडेएकोणतीस वर्षं लागतात, म्हणजे वर्षाला बारा अंश. गेल्या वर्षी तो मघेच्या शेजारी होता, यंदा नसणारच.

पण हॉलमध्ये होता म्हणे. घुम्या चकती लावायला विसरेल? अशक्य. जो माणूस भिंतीवरच्या घड्याळातला मिनिटाचा फरक सहन करत नाही, तो वर्षभर शनी विसरेल?

दुसऱ्या दिवशी दुपारच्या शोला मी कुणाला न सांगता गेले आणि मागच्या रांगेत बसले. दिवे मंद झाले, आणि मी बोलायला लागले.

स्वतःचा आवाज मेलेल्या माणसाचा असावा तसा ऐकायचा, हे मी शत्रूवरही आणणार नाही. किती घाईघाईनं बोलायचे मी. मध्येच स्वतःच्याच विनोदाला हसायचे. त्या दिवशी घसा दुखत होता, ते शब्दांच्या शेवटी कळत होतं. मला कळत होतं, बाकी कुणाला नाही. मी खुर्चीचा हात घट्ट धरून बसले. मला तो आवाज परत हवा होता. दुसरं काही नको, तेवढंच हवं होतं.

"आणि हा शनी," माझा आवाज म्हणाला. "लोक उगाच याला घाबरतात. तो बिचारा बर्फाचं कडं घालून आपल्या वाटेनं चाललाय. साडेसाती तुमच्या घरात, त्याच्या गावीही नसतं. या दिवसांत तो मघेच्या अगदी शेजारी आहे. घरी जाऊन बघा."

आणि घुमटावर शनी मघेच्या अगदी शेजारी होता. मी मघेवरून मंगळाकडे पाहिलं, गुरूकडे पाहिलं. ते दोघं आजच्या जागी होते; घसा दुखत होता म्हणून त्या शोत त्यांच्या जागा मी सांगितल्याच नव्हत्या. म्हणजे यंत्र बिघडलेलं नव्हतं. माझ्या भावानं दर महिन्याला सगळे ग्रह सरकवले होते आणि एकट्या शनीला माझ्या शब्दापाशी उभा करून ठेवला होता.

आवाज पुढे चालला. "फार पूर्वी माणसानं पृथ्वी मधोमध ठेवली आणि सगळ्यांना तिच्याभोवती फिरायला लावलं. त्याला हसू नका. आज सकाळी तुम्हीही सूर्य उगवला असंच म्हणालात. घोटाळा केला तो मंगळानं. चालता चालता तो थांबतो, मागे वळतो, परत पुढे जातो. पृथ्वी मधोमध ठेवून हे कसं जमवायचं? मग वर्तुळावर वर्तुळ चढवलं. तेवढ्यानं भागेना म्हणून आणखी एक. थोरामोठ्यांचा शब्द खाली पडू नये म्हणून हजार वर्षांहून जास्त काळ लोक आकाशाला ठिगळं लावत बसले. आर्यभट म्हणाला, पृथ्वी स्वतःभोवती फिरते. नावेत बसलेल्याला काठावरची झाडं मागे पळताना दिसतात, तसे आपल्याला तारे दिसतात. त्याच्यामागून आलेल्या काहींना ते पचेना. त्याला चुकला म्हणवेना आणि बरोबरही म्हणवेना, म्हणून त्यांनी त्याच्या शब्दांचा अर्थच फिरवला."

पुढे काय येणार ते मला माहीत होतं. मीच बोलले होते ना.

"केप्लरनं मंगळामागे वर्षं घालवली. गणित जमलं, फक्त आठ कलांचा फरक राहिला. आठ कला म्हणजे किती, तर चंद्राच्या रुंदीचा जेमतेम चौथा हिस्सा. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, जाऊ दे, बघणाऱ्याची नजर चुकली असेल. केप्लरनं आकाशाला हात लावला नाही. आपलं गणित फेकून दिलं आणि पहिल्यापासून सुरुवात केली. म्हणून तर ग्रहांची वाट गोल नाही, लांबट आहे, हे आपल्याला कळलं."

त्यानं आठ कलांसाठी आपली वर्षं फेकली, आणि माझ्या डोक्यावर शनी बारा अंश चुकीच्या जागी, माझ्याच आवाजाच्या साक्षीनं.

शो संपला. दाराशी घुम्या उभा होता, मला पाहून त्याचा चेहरा उतरला. तेवढ्यात एक म्हातारे गृहस्थ त्याच्याजवळ आले. काठी टेकत म्हणाले, "गेल्या आठवड्यातही आलो होतो मी. बाईंनी सांगितलं म्हणून गच्चीवर चढलो, पण मला काही शनी मघेशेजारी दिसला नाही. लांब कुठेतरी एक ठिपका दिसतो. म्हणून आज खात्री करायला परत आलो. माझेच डोळे गेले म्हणायचे. डॉक्टरांना दाखवायला हवं."

घुम्यानं त्यांच्यापुढे दार उघडून धरलं. गृहस्थ गेले.

यंत्राच्या मागे एक खोली आहे, तिथे तो चहा करतो. मी त्याला तिथे नेलं. पाटीवर लिहून भांडणं म्हणजे काय शिक्षा आहे ते भांडकुदळ माणसालाच विचारा. वाक्य लिहून होईतो समोरचा तोंड फिरवून उभा राहतो. मी लिहिलं, "त्या माणसानं स्वतःच्या डोळ्यांना खोटं ठरवलं. माझ्यामुळे."

"तुझ्यामुळे नाही," तो म्हणाला.

"शनी हलव."

त्यानं गॅस बंद केला. मग एकदम इतकं बोलला, जितकं मी त्याच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. "साहेब म्हणाले होते, ते शनीचं वाक्य कापून टाका. मी बसलो कापायला. पण त्या वाक्याच्या आधी तू श्वास घेतेस. मग हसतेस. वाक्य काढलं की तेही जातं. मी म्हटलं, एक अक्षर कापायचं नाही. पहिल्या महिन्यात थोडाच फरक होता. कुणाला कळलंही नाही. मग शनी सूर्याच्या उजेडात बुडाला, महिनाभर कुणाला दिसणारच नव्हता. तेव्हा वाटलं, चाललंय ते चालू दे."

"आणि आता दिसतोय," मी लिहिलं.

"शनी हलवला तर तू खोटी पडशील, ताई. रोज, सगळ्यांसमोर. लोक म्हणतील, बाई काहीतरीच सांगते."

"म्हणू देत. नाहीतर आवाज बंद कर, तू बोल."

तो हसला, पण ते हसणं बघवत नव्हतं. "मी? मी बोलणार? बोलणाऱ्याची माती विकते आणि न बोलणाऱ्याचं सोनंही विकत नाही, हे तूच म्हणायचीस ना मला? रेकॉर्डिंग बंद केलं तर हॉलला कुलूप. आणि तू मग कुठे उरशील? दुसरं काही नाहीये माझ्याकडे. सगळा मिळून एवढाच तुझा आवाज आहे."

मी खडू इतका दाबला की मोडला. उरलेल्या तुकड्यानं लिहिलं, "मी जिवंत आहे." त्यानं वाचलं आणि नजर खाली घातली.

रात्रीच्या जेवणाला त्यानं पानावरून मान वर केली नाही. भावजयीनं दोघांकडे पाहिलं आणि तिला सगळं विचारून घेतल्याशिवाय राहवेना. मी पाटीवर सांगितलं. तिनं पोळीचा तुकडा ताटात ठेवला. "काखेत कळसा आणि गावाला वळसा," ती नवऱ्याला म्हणाली. "बाई इथे तुमच्यासमोर बसून जेवतेय, आणि तुम्ही तिला त्या डब्यात शोधताय. मी त्यांच्या ओठांवरून निम्मं बोलणं ओळखते. मीठ हवंय, पंखा लाव, मेला दूधवाला आला नाही. तुम्हाला एक शब्द ओळखता येतो का? कसा येईल? वर्षभरात तुम्ही त्यांच्या तोंडाकडे नीट बघितलेलं नाही. गळ्याच्या रुमालापर्यंत नजर जाते आणि तिथून पळ काढते."

घुम्या पानावरून उठला. मला त्याची दया आली आणि रागही आला. खरं सांगायचं तर राग जास्त. माझ्या आजारपणात हा माणूस दवाखान्यात खुर्चीवर बसून झोपला होता. ऑपरेशनच्या दिवशी कोपऱ्यात उभा राहून रडला होता. आणि जी उठून घरी आली तिला मात्र त्यानं बाजूला ठेवलं, कारण ती गेलेल्या बाईसारखी बोलत नव्हती. त्याचं काय चुकलं ते त्याला कळत होतं. माणसाला कळूनही वळत नाही.

महिन्याचा पहिला दिवस आला. मी सकाळीच त्याच्याबरोबर निघाले. तो नको म्हणाला नाही. हॉलमध्ये टेबलाशी बसून मी तक्त्यातून एकेक अंश पाटीवर लिहून त्याच्यापुढे धरला. बुध, शुक्र, मंगळ, गुरू. तो चकत्या फिरवत गेला आणि हळू आवाजात अंश म्हणत गेला. शनीचा आकडा लिहिला तेव्हा त्याचा हात चकतीवर गेला आणि थांबला.

"आज मुलींच्या शाळेचा शो आहे," तो म्हणाला. "आज नको."

मी पाटी तशीच धरून ठेवली. तो उठून दार उघडायला गेला.

मुली आल्या, किलबिल करत खुर्च्यांवर रेलल्या. त्यांच्या बाई मधल्या वाटेत उभ्या राहून गप्प बसा म्हणत राहिल्या. मी घुम्याच्या शेजारी माझ्या जुन्या खुर्चीवर बसले. त्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि सूर्य मावळवला. तारे आले. मुलींच्या तोंडून तो आवाज निघाला, जो दर वेळी निघतो आणि ज्याची मला कधी सवय झाली नाही. मग माझं रेकॉर्डिंग ग्रह सांगायला लागलं.

मी अंधारात हात पुढे केला. चकत्या कुठे आहेत ते मला पाठ होतं. घुम्याच्या कोपराला माझा हात लागला, त्यानं ओळखलं मी काय करतेय. तो मला अडवू शकला असता. माझ्या हातात काय जोर उरलाय? पण त्यानं अडवलं नाही. मी शनी सरकवला. घुमटावर तो मघेपासून सुटला आणि खुणेमागून खूण सिंहाच्या पोटाखाली उतरत गेला. आजच्या अंशावर मी थांबले.

"या दिवसांत तो मघेच्या अगदी शेजारी आहे," माझा आवाज म्हणाला. "घरी जाऊन बघा."

"शेजारी कुठेय?" अंधारातून एक मुलगी म्हणाली. "तो तर आत्ता लांब गेला."

"बाई, त्या चुकीचं सांगतायत."

कुजबुज वाढली. रेकॉर्डिंगला त्याचं काय, ते पुढे बोलत राहिलं, पृथ्वी मधोमध ठेवली, त्याला हसू नका. घुम्याचा श्वास मला ऐकू येत होता. त्याचा हात आवाजाच्या खटक्यावर होता. मला वाटलं, तो शनी परत ओढून नेणार. मी चकतीवरचा हात काढला, कारण पुढचं मला त्याच्या हातून हवं होतं. जबरदस्तीनं नको होतं.

त्यानं खटका खाली केला. माझा आवाज एका शब्दाच्या मध्येच गेला, आणि मला कळलं की आता तो परत लागणार नाही. गळ्यातून गेला तेव्हा मी भूल घेऊन पडले होते. या वेळी जागी होते.

मुलींच्या बाईंनी विचारलं, "काही बिघडलं का?"

"नाही," घुम्या म्हणाला. माइक त्याच्यासमोर होता, तो चालू करायचंही त्याला सुचलं नाही. "शनी आता मघेजवळ नाही. तुम्हाला दिसतोय तिथे आहे." मग थांबला. मुली वाट बघत होत्या. "तो आवाज माझ्या बहिणीचा. ती बोलली तेव्हा शनी मघेच्या शेजारीच होता. ती खरं बोलली होती. नंतर तो पुढे गेला. मी जाऊ दिला नाही. वर्षभर इथे आलेल्या सगळ्यांना मी तो चुकीच्या जागी दाखवला. चूक यंत्राची नाही, तिचीही नाही. माझी आहे."

एवढं बोलून त्याला धाप लागली. मला वाटलं, आता हा उठून पळून जाईल. पण तो बसून राहिला.

पुढच्या रांगेतून एक बारीक आवाज आला. "मग त्या ताई कुठेयत? वारल्या का?"

"गप गं," त्यांच्या बाई म्हणाल्या.

पोरीनं विचारलं तेच तर तो वर्षभर मानून चालला होता. मी शेजारी बसून त्याच्या उत्तराची वाट बघत होते.

"नाही," तो म्हणाला. "इथे आहे. माझ्या शेजारी बसलीय."

शो चालू असताना दिवा लावायचा नाही हा नियम, आणि तो पाळण्यात त्याच्याइतका कडक कुणी नव्हता. त्यानं टेबलावरचा दिवा लावला. घुमटावरचे तारे फिके झाले. सगळ्या मुली खुर्च्यांतून वळल्या, गुडघ्यांवर उभ्या राहून बघायला लागल्या. माझा हात आपोआप रुमालाकडे गेला, मग मीच तो खाली घेतला आणि उभी राहिले.

"नमस्कार, ताई," समोरची मुलगी म्हणाली, आणि मग सगळ्याच म्हणाल्या.

इतक्या वर्षांची सवय. माझे ओठ हलले. मी त्यांना उत्तर दिलं, जसं नेहमी द्यायची तसं, आणि अर्थातच काहीही ऐकू आलं नाही. मुली माझ्याकडे बघत राहिल्या. मी पाटी शोधायला लागले, ती टेबलाखाली कुठेतरी पडली होती.

घुम्या माझ्या तोंडाकडे बघत होता. रुमालाकडे नाही, तोंडाकडे. त्यानं बोटानं खूण केली, परत म्हण. मी परत म्हटलं, सावकाश.

तो मुलींकडे वळला. "ती म्हणतेय, नमस्कार," तो म्हणाला. "आणि म्हणतेय, खुर्च्यांवर नीट बसा, पडाल."